बसली तर धूळ, उठला तर धुरळा

मराठीत तिला दोन नावं आहेत आणि दोन्हींची लिंगं वेगळी. रस्त्यावर निवांत पडलेली असते तोवर ती धूळ. कुणी अंगावरून वेगाने गेलं की तो धुरळा. धूळ बसते, धुरळा उठतो. झाडायची ती धूळ आणि खायचा तो धुरळा. फ्रेंच माणूस दोघांचं काम 'पुसिएर' या एका शब्दावर भागवतो. सव्वाशे वर्षांपूर्वी त्याच्या खेड्यापाड्यांतून मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या, तेव्हा रस्त्यातून नेमकं कोण उठून उभं राहिलंय हे मराठी माणसाने एका शब्दात सांगितलं असतं.

त्या शर्यतींवर जीव जडलेली पुष्कळ माणसं जगभर आहेत. ती गाड्यांविषयी बोलतात, पितळी दिव्यांविषयी, साखळीवर फिरणाऱ्या मागच्या चाकांविषयी, मिश्यांना पीळ देऊन बसलेल्या ड्रायव्हरांविषयी. मला ज्याच्याविषयी लिहायचंय त्याचं नाव भाग घेणाऱ्यांच्या कुठल्याच यादीत नाही. त्याने प्रवेश फी भरली नव्हती, त्याच्या पाठीवर नंबर नव्हता. पण तेव्हाचा कुठलाही फोटो काढून बघा. समोरून एक गाडी येतेय, तिच्यावर चष्मे लावलेली दोन डोकी, आणि मागे आभाळापर्यंत पांढरी भिंत. रस्ता गडप, शेतं गडप, दुतर्फा लावलेल्या झाडांचे फक्त शेंडे वर तरंगताहेत. कडेला उभ्या बाईने पदर धरावा तसा रुमाल नाकाला धरलाय. गाडी फोटोच्या दहाव्या भागात, बाकी सगळी जागा या गृहस्थाने व्यापलेली.

आपल्याकडचा फुफाटा तांबूस, नाहीतर काळपट. फ्रान्सच्या मोठ्या भागातला हा मात्र पिठासारखा पांढरा, कारण तिथे रस्त्याला चुनखडीचा दगड. ज्यांनी आपल्याकडे खडीकरण पाहिलंय त्यांना त्याचं जन्मस्थान समजावून सांगायला नको. फोडलेल्या खडीचा थर, त्यावर बारीक चुरा, वर पाणी, मग रोलर. डांबर नाही, सिमेंट नाही. चुरा आणि पाणी यांच्या जोरावर दगडाने दगडाला धरून राहायचं. रस्त्याच्या ठरावीक तुकड्यावर एकेक माणूस नेमलेला असे. त्याला 'काँतोनिए' म्हणत. आपल्या पीडब्ल्यूडीच्या भाषेत मैलकुली. कडेला खडीचे ढीग घालून तो लांब दांड्याच्या हातोडीने दगड फोडत बसायचा, हिवाळ्यात चिखल ओढायचा, खड्डा दिसला की मूठमूठ खडी टाकून ठोकून घ्यायचा.

या संसारात धूळ ही घरची कारभारीण होती. बैल-घोड्यांच्या गाड्यांच्या चाकांना लोखंडी धाव. ती धाव खडीवरून जाताना थोडी खडी भरडायची आणि तेच पीठ पुन्हा फटींत दाबून बसवायची. पाऊस आला की ते मळून घट्ट व्हायचं. झीज व्हायची तिथेच भरपाई. मेंढरांच्या कळपामागे थोडी उडायची, टपालगाडीमागे जरा जास्त, पण संध्याकाळपर्यंत परत आपल्या जागी. शंभर वर्षं हे असं चाललं होतं. तिच्यात काय दडलंय याची तिला स्वतःलाही कल्पना नसावी.

२२ जुलै १८९४ हा रविवार. 'ल पती जुर्नाल' नावाच्या वर्तमानपत्राने पॅरिस ते रूआँ अशी बिनघोड्यांच्या गाड्यांची स्पर्धा ठेवली होती. अर्ज आले १०२. त्यांत दाबलेल्या हवेवर चालणारी, गुरुत्वाकर्षणावर चालणारी, बसणाऱ्यांच्या वजनावर चालणारी असली वाहनं कागदावर धावत होती. प्रत्यक्षात निघाल्या २१. वाटेत मांत गावी दुपारच्या जेवणाची रीतसर सुट्टी; फ्रेंच माणूस शर्यतीसाठीसुद्धा जेवण चुकवणार नाही, हे मला फार आवडतं. कौंट द दियाँ वाफेच्या गाडीने सगळ्यांत आधी पोहोचला, ६ तास ४८ मिनिटांत, म्हणजे ताशी १९ किलोमीटरच्या आसपास. पण त्याच्या गाडीला कोळसा घालायला वेगळा माणूस लागायचा, म्हणून पहिलं बक्षीस त्याला न देता पानार-लव्हासोर आणि पूजो या कारखान्यांत वाटून दिलं. १९ च्या वेगाला धूळ फारशी हलत नाही. त्या रविवारी तिने कूस बदलली असेल, एवढंच.

पुढच्या वर्षी, जून १८९५ मध्ये, पॅरिसहून बोर्दो आणि परत. ११७८ किलोमीटर. एमिल लव्हासोर हा गाडी बनवणाराच स्वतः चालवायला बसला होता. र्युफेक या गावी दुसरा ड्रायव्हर त्याची जागा घेणार असं ठरलेलं. लव्हासोर ठरल्यापेक्षा कितीतरी आधी, रात्रीच तिथे पोहोचला. बदली ड्रायव्हर झोपलेला. लव्हासोरने त्याला उठवत बसण्याऐवजी गाडी पुढे काढली आणि शेवटपर्यंत आपणच चालवली. ४८ तास ४८ मिनिटं. चाकांना भरीव रबर, समोर मिणमिणते दिवे, हातात सुकाणूसारखा दांडा. पहिलं बक्षीस त्यालाही मिळालं नाही, कारण नियमाला चार जणांची गाडी हवी होती आणि त्याची दोघांची. त्या काळचे परीक्षक नियमाला फार पक्के.

त्याच शर्यतीत शेवटी शेवटी, सगळी वेळ संपल्यावर, एक पूजो रखडत पॅरिसला आली. तिच्या चाकांत हवा भरलेली होती. आँद्रे मिशलाँ आणि त्याचा भाऊ यांची ही गाडी. वाटभर पंक्चर काढत आले होते. लोक हसले असतील. मला मात्र वाटतं की आपल्या चरित्रनायकाची खरी मुंज त्या दिवशी लागली.

लोखंडी धाव धुळीला दाबते. हवेचं रबरी चाक वेगात जाताना तिला ओढून काढतं. रबर खडीच्या पृष्ठाला चिकटतं, घसटतं आणि सुटतं. मागचं चाक इंजिनाच्या जोराने रस्ता मागे ढकलतं. वर गाडीच्या पोटाखालून जाणारी हवा मोकळं झालेलं सगळं शोषून मागे फेकते. फटींमधला चुरा असा बाहेर आला की खडी सुटी होते, सुटी खडी उडते, उडालेली खडी पुन्हा भरडली जाते. रस्त्याला धरून ठेवणारं माणूसच घर सोडून निघालं. इतकी वर्षं जी बसायची ती आता उठायला लागली, आणि उठल्यावर तिचा तो झाला.

त्याचा स्वभाव सांगायचा तर पहिली गोष्ट ही की तो फटकळ बातमीदार होता. खेड्यात गाडी दिसायच्या आधी तो दिसायचा. दूरच्या चढावर पांढरी शेपटी उभी राहिली की पोरं ओरडत सुटायची, कोंबड्या आत घेतल्या जायच्या, कुत्र्याला कुणीतरी गळ्याला धरून ठेवायचं. वारा कुठून कुठे, गाडी एक की दोन, येणारा घाईत की रमतगमत, सगळं त्याच्या उंचीवरून कळायचं. आपल्या वाडीवस्तीवर फाट्याला एस.टी.ची वाट पाहिलेल्या माणसाला ही लिपी वाचता येते.

दुसरी गोष्ट अशी की त्याच्यापाशी न्याय नव्हता. जो उठवायचा त्याला तो शिवायचा नाही. पुढच्या गाडीतला माणूस स्वच्छ हवा खात जायचा आणि मागचा त्याला खायचा. आणि मागच्याच्याही मागे, कडेला उभा असलेला शेतकरी. त्याने तर तिकीटही काढलेलं नसायचं. रस्त्याकडेच्या कुरणावर पांढरा थर बसला की गुरं त्याला तोंड लावत नसत. दोरीवरचे कपडे, फळबागा, द्राक्षाचे वेल, उघड्या खिडकीतला पाव, सगळ्यांवर त्याचा हात फिरायचा. जुन्या दिवसांच्या आठवणींनी गहिवरणाऱ्या लेखकांचा मला थोडा राग येतो तो इथे. आठवणी सगळ्या गाडीत बसलेल्यांच्या आहेत. दोरीवरचे कपडे पुन्हा धुणारीने काही लिहून ठेवलेलं नाही.

पण गाडीवाल्यांनाही त्याने सोंगं घ्यायला लावली. बकऱ्याच्या कातड्याचे केसाळ कोट, कानांपर्यंत ओढलेल्या टोप्या, डोळ्यांना घट्ट बसणारे चष्मे, बायकांच्या हॅटवरून हनुवटीखाली बांधलेले बुरखे. रुबाब म्हणून आज सिनेमात दिसणारा हा सगळा पोशाख मुळात बराचसा याच्यापासून बचाव होता. आणि गाव आलं की सगळं थंडावायचं. वस्तीत शर्यत थांबवलेली असे. वेशीवर पंच वेळेची नोंद कागदावर करून गाडीवरच्या सीलबंद पत्र्याच्या डब्यात टाकायचा. मग एक सायकलस्वार पुढे आणि दहा-अकरा लिटरच्या इंजिनाचं ते धूड त्याच्या मागे गुरगुरत, असं गावातून जायचं. दुसऱ्या वेशीवर पुन्हा नोंद, पुन्हा सुटका. गावातल्या त्या दहा मिनिटांत धूळ खाली बसायची. सायकलवाला मागे वळला की गाव ओलांडून पुन्हा धुरळा.

हळूहळू अंगात आलं. वेग ताशी १९ वरून शंभरापर्यंत गेला तो आठ-नऊ वर्षांत. गाडीचं वजन हजार किलोच्या आत हवं असा नियम १९०२ पासून होता. कारखानदारांनी त्यातून भलतीच वाट काढली: इंजिन होईल तेवढं मोठं ठेवायचं आणि बाकी सगळीकडून वजन काढायचं. चौकटीला भोकं, आसनं नावापुरती, ब्रेक फक्त मागच्या चाकांना. १९०१ च्या पॅरिस-बर्लिन शर्यतीत रँसजवळ एक मुलगा गेला. एक गाडी पुढे गेली, ती पाहायला तो रस्त्यात आला आणि मागून दुसरी आली. सरकारने काही काळ शर्यती बंद केल्या. मग पुन्हा परवानगी दिली.

आणि मग २४ मे १९०३. पॅरिस ते माद्रिद.

आदल्या रात्री पॅरिसहून व्हर्सायकडे माणसांचा लोंढा चालला होता, सायकलींना कागदी कंदील बांधून. उजाडायच्या आत पहिली गाडी सुटली. साधारण मिनिटामिनिटाने एक, अशा सव्वादोनशेच्या आसपास गाड्या आणि मोटारसायकली. रस्ता शार्त्र, व्हाँदोम, तूर, प्वातिए, आँगुलेम असा खाली बोर्दोकडे. पहिला टप्पा ५५२ किलोमीटरचा. दुतर्फा माणसं, काही ठिकाणी तर रस्त्यातच. गाडी येताना गर्दी फाटायची आणि गेल्यावर मिटायची.

जरा हिशेब करून बघा. ताशी शंभरच्या वेगात एका मिनिटाचं अंतर म्हणजे पावणेदोन किलोमीटरही नाही. वारा नसला तर धुरळा एका मिनिटात खाली बसत नाही. पहिल्याने उठवलेला बसायच्या आत दुसरा त्यात शिरतो आणि आपला मिळवतो, मग तिसरा. चाळिसावा सुटतो तेव्हा त्याच्यासमोर शर्यतही नसते आणि रस्ताही. नुसती पिठाची गिरणी. यात वेगाने जाणारे ड्रायव्हर खाली बघत नसत. वर बघत. ढगाच्या वर झाडांच्या शेंड्यांची किंवा तारेच्या खांबांची रांग दिसायची आणि तिच्या मधून रस्ता गेला असणार असं धरून सुकाणू फिरवायचं. रस्त्याने वळण घेतलं आणि झाडांनी घेतलं नाही, तर मग देवाची मर्जी.

रनो गाड्यांच्या घरातला लुई रनो तिसऱ्या क्रमांकावर सुटला. पुढे फक्त दोन गाड्या. त्या दोन्ही त्याने मागे टाकल्या आणि मोकळ्या, स्वच्छ रस्त्याने बोर्दोत सगळ्यांच्या आधी पोहोचला. त्याचा थोरला भाऊ मार्सेल बराच मागून सुटला होता. एकाच कारखान्याची गाडी, एकाच घरातली दोन माणसं, एकच रस्ता. पण एकाला रस्ता दिसत होता आणि दुसऱ्याला दिसत नव्हता. मार्सेल एकेक गाडी ओलांडत वर सरकत होता. ओलांडायचं म्हणजे आधी पुढच्याच्या ढगात शिरायचं, आत असताना अंदाजाने बाजूला व्हायचं आणि नाक बाहेर काढायचं. प्वातिएच्या पुढे कुए-व्हेराकजवळ तो असाच एका ढगात शिरला. आत वळण होतं. बोर्दोत लुई उतरून भावाची वाट पाहत राहिला आणि बातमी आली. मार्सेल दोन दिवसांनी गेला. लुई रनो त्यानंतर कधीही शर्यतीत गाडी घेऊन उतरला नाही.

त्या दिवशी फेर्नां गाब्रिएल नावाच्या ड्रायव्हरने उलट चमत्कार केला. उलट्या होडीसारख्या चोचीची मोर्स गाडी घेऊन तो कितीतरी मागून सुटला आणि एवढ्या सगळ्या ढगांतून पार होत बोर्दोत रस्त्यावरचा तिसरा म्हणून आला. वेळेच्या हिशेबात पहिला, सरासरी ताशी १०५. मी या माणसाचा फार विचार करतो. मार्सेलने जे केलं तेच त्याने केलं, त्याच रस्त्यावर, त्याच सकाळी. कामीय द्यु गास्त या बाईंचंही सांगायला हवं. दे दित्रिक गाडी चालवत त्या चांगल्या पुढे आल्या होत्या. उलटलेल्या गाडीखाली सापडलेला एक प्रतिस्पर्धी दिसला तेव्हा त्यांनी शर्यत बाजूला ठेवली आणि मदत येईपर्यंत तिथे थांबल्या. एका गाडीपुढे कुत्रं आलं आणि गाडी झाडावर गेली. पुढे किमान आठ माणसं गेल्याचा हिशेब लागला, त्यांत नुसते बघायला आलेलेही होते.

सरकारने शर्यत बोर्दोतच मोडली. एवढ्यावर भागलं नाही. इंजिनं सुरू करायलाही मनाई. मग घोडे आणले. ताशी १०५ ने आलेल्या त्या गाड्या घोड्यांना जुंपून, पावलापावलाने स्टेशनपर्यंत नेल्या आणि रेल्वेने परत पाठवल्या. त्या मिरवणुकीत धुरळा कितीसा उडाला असेल? घोड्याच्या टापेएवढा. तीच जुनी, घरातली, संध्याकाळी जागेवर बसणारी धूळ.

यानंतर त्याच्या मागे माणसं लागली. खरं तर आधीच लागली होती. एर्नेस्ट गुलिएल्मिनेत्ती नावाचा स्विस डॉक्टर मोनाकोत होता. त्याआधी डच ईस्ट इंडीजमध्ये नोकरी करून आलेला. मोनाकोच्या प्रिन्सला आपल्या सुंदर किनाऱ्यावरच्या या पांढऱ्या पाहुण्याचा वैताग आला होता. मार्च १९०२ मध्ये डॉक्टरने चाळीसेक मीटर रस्ता झाडून घेतला आणि त्यावर गरम डांबर ब्रशांनी फासलं. डांबर हे तेव्हा दिव्यांचा गॅस बनवणाऱ्या कारखान्यांतून उरणारं काळं, वासाचं, फुकटच्या भावात मिळणारं गाळसाळ. धूळ उठेना. लोकांनी त्याला 'डॉक्टर डांबर' असं नाव ठेवलं आणि त्याला ते आवडलेलं दिसतं. पुढे धुळीविरुद्ध रीतसर संघ निघाला. आजाराविरुद्ध, दारूविरुद्ध संघ असतात. धुळीला हा मान मिळाला. १९०८ मध्ये पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय रस्ते परिषद भरली, तिथे देशोदेशीचे इंजिनिअर जमून याच एका इसमाचं काय करायचं यावरही बोलले.

पण त्याच्या आधी १९०६ चा जून आहे. ल मांच्या पूर्वेला सां-काले, ला फेर्ते-बेर्नार असा शेताशेतांतून जाणारा १०३ किलोमीटरचा त्रिकोण. गावातून गावात जाणाऱ्या शर्यती संपल्या होत्या. आता बंदिस्त रस्त्याच्या फेऱ्या. फ्रेंच ऑटोमोबिल क्लबने तिला नाव दिलं 'ग्राँ प्री'. दोन दिवस, रोज सहा फेऱ्या, एकूण १२०० किलोमीटरांहून जास्त. माणसांना आवरायला कुंपणं, अवघड जागी वस्ती टाळायला लाकडी फळ्यांचा वळणरस्ता. आणि सगळ्या रस्त्यावर डांबर, खास याच्यासाठी.

म्हणजे त्याला पुरला. वर काळं झाकण घातलं.

ऊन मात्र कुणी विचारात घेतलं नव्हतं. डांबर नुसतं वर फासलेलं, आत मुरलेलं नाही. तापल्यावर ते मऊ झालं, जड गाड्यांच्या चाकांनी त्याचे पापुद्रे निघाले, आणि धूळ, खडी, डांबर असं तिघांचं कालवण ड्रायव्हरांच्या तोंडावर उडू लागलं. पूर्वी तो डोळ्यांत गेला तर पुसता यायचा, धुता यायचा. डांबरात भिजलेला तो आता भाजत होता. रनोच्या तीन गाड्यांपैकी एकीवर एदमाँ नावाचा ड्रायव्हर होता. त्याच्या चष्म्याची काच फुटली आणि डांबर थेट डोळ्यांत. त्याने थांबून दुसरा चष्मा मागितला. पंच म्हणाले, नियमात बसत नाही. मग दुसरा ड्रायव्हर बसवा. तेही बसत नाही. तशा डोळ्यांनी त्या माणसाने आणखी दोन फेऱ्या मारल्या आणि मग सोडून दिलं. मी मघाशी परीक्षकांच्या नियमनिष्ठेला हसलो ते मागे घेतो.

शर्यत जिंकली ती रनोच्याच दुसऱ्या गाडीने, फेरेंक सिस या हंगेरीत जन्मलेल्या ड्रायव्हरने. हा मुळात लुई रनोचा मेकॅनिक, शर्यतीत त्याच्या शेजारी बसणारा. इंजिन जवळजवळ तेरा लिटरचं. त्याची खरी बढत चाकांत होती. मिशलाँने सुटी होणारी रिम दिली होती. टायर फाटला तर कापत, ओढत बसायला नको, रिमसकट काढून दुसरी बसवायची, तीन-चार मिनिटांत मोकळं. ज्यांच्याकडे ती नव्हती ते एका टायरला पंधरा मिनिटं घामाघूम होत होते, कारण ड्रायव्हर आणि त्याचा मेकॅनिक सोडून दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. सुट्या दगडांनी टायर फाटत राहिले आणि सिस पुढे जात राहिला. १२ तास १४ मिनिटं, सरासरी ताशी १०१. मघाच्या त्या पंक्चर काढत रखडलेल्या पूजोचं उट्टं अकरा वर्षांनी निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी या गाड्या बंद आवारातून निघण्याच्या रेषेपर्यंत कशा आल्या ते सांगायचं राहिलं. इंजिन आधी सुरू करायचं नाही असा नियम होता, म्हणून घोड्यांनी ओढून.

पुढची गोष्ट लांबवण्यात अर्थ नाही. डांबर मुरवायची रीत माणसं शिकली. महामार्ग काळे झाले, मग गावचे रस्ते काळे झाले. खडी फोडणाऱ्या काँतोनिएच्या हातोडीचं काम गेलं. फुलांवर, पावावर, दोरीवरच्या कपड्यांवर बसणारा तो हात निघून गेला, आणि हे चांगलंच झालं. धुरळा नसता तर मार्सेल रनो त्या वळणातून निघून गेला असता, असं म्हणायला जागा आहे. पण तो नसता तर डांबरही एवढ्या लवकर आलं नसतं, हेही खरं. ज्या गुळगुळीत काळ्या रस्त्यावरून आज आपण जातो तो कुणी आपल्या सुखाचा विचार करून केलेला नव्हता. एका त्रासदायक इसमाला गप्प बसवायला केलेला होता.

तरी जुन्या गाड्या जपणारे लोक वर्षातून एकदा गाडी बाहेर काढतात, पितळ चकाकवतात, बकऱ्याच्या कातड्याचा कोट भाड्याने आणतात आणि डांबरी रस्त्यावरून ताशी चाळीसने जातात, तेव्हा फोटोत काहीतरी उणं वाटतं. पाठीमागे स्वच्छ रस्ता, स्वच्छ झाडं, पलीकडचं गाव अगदी कौलांसकट दिसतंय. चष्मा घातलेला माणूस उगाच चष्मा घातल्यासारखा. गाडी खरी आहे, कोट बरा आहे, ज्याच्यासाठी कोट घातला तो आलेला नाही.

तो गेलेला कुठेच नाही. द्राक्षमळ्यांतल्या वाटा अजून खडी-मातीच्या आहेत. पॅरिस-तूर ही सायकलींची शर्यत तर मोटारींच्या पहिल्या शर्यतींइतकीच म्हातारी, १८९६ पासूनची. २०१८ मध्ये तिच्या आयोजकांनी तूरजवळच्या द्राक्षमळ्यांतले हे कच्चे रस्ते मुद्दाम वाटेत घेतले. सपाट डांबरावर शर्यत फार सरळसोट होत होती म्हणे. सायकलवाले चिडले, पंक्चरं झाली, दुसऱ्या वर्षी ते रस्ते पुन्हा ठेवले. शर्यत हल्ली निघते शार्त्रहून. शार्त्र ते तूर म्हणजे १९०३ च्या त्या पहाटेच्या गाड्या गेल्या तोच मुलूख.

ऑक्टोबर कोरडा गेला असेल तर त्या वेलींच्या मधून सायकलींचा घोळका जातो आणि पांढरी शेपटी उठते. सायकलींच्या मागे संघांच्या मोटारी असतात, छपरावर सुटी चाकं लावलेल्या, आत टीव्ही आणि वायरलेस. वाट अरुंद, पुढे जायची सोय नाही. समोरचं काही दिसेनासं होतं. मग त्या एकेक करून काचा वर घेतात, वायपर चालू करतात, आणि सायकलवाल्यांच्या वेगाने, त्यांच्या मागे मागे, ढगात शिरतात.